भांड्यात आधी काय होतं?



आजचा विषय आहे प्लास्टिकची बादली. वीस लिटरची, वर घट्ट झाकण बसणारी. आज खेड्यापाड्यातल्या बहुतेक घरांत अशी एक तरी बादली असते. कुणी त्यात गहू भरतं, कुणी डाळ, कुणी मीठ, कुणी पिण्याचं पाणी. बादली कुठून आली म्हणून विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. घराला रंग दिला तेव्हाची आहे. आठवडी बाजारातून आणली. रानात औषध आणलं होतं, त्याचा डबा होता, धुऊन घेतला.

या तीन उत्तरांत किती फरक आहे, ते आज बघायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. धान्य साठवायची आपली रीत फार जुनी आहे आणि तिच्यात शिकण्यासारखं खूप आहे.

कणगी, बळद आणि पेव

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. ही माणसं सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवत. त्यांच्या घरांत धान्य साठवायचे खड्डे होते, मोठे मातीचे रांजण होते, कणग्या ठेवायला केलेले गोल ओटे होते. गावाचं सामाईक धान्याचं कोठारही असावं, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणजे पिकवायचं कसं हे शिकतानाच माणूस साठवायचं कसं हेही शिकत होता.

पुढे ही रीत गावोगाव वेगळी झाली. देशावर तुराट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची कणगी विणायची, आतून बाहेरून शेणामातीनं लिंपायची. कोकणात भाताच्या पेंढ्याचे मुडे बांधायचे. मोठ्या वाड्यांत भिंतीच्या पोटात बळद असायचं. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड. धान्यात लिंबाचा वाळलेला पाला, राख, बिब्बे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात.

यातलं सगळ्यात हुशारीचं काम म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत भुसा, कडबा लावून धान्य भरायचं आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. आत गेलेलं धान्य श्वास घेत राहतं, त्यामुळे पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किडे जगत नाहीत. 'पेव फुटणं' हा शब्द आपण आजही वापरतो, तो इथलाच. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळदीची पेवं होती. तिथली माती अशी की पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरलं आणि ती कामातून गेली.

पेवाचे दोन नियम जुन्या माणसांना पाठ असत. पहिला, ओलं धान्य आत घालायचं नाही. दुसरा, पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, कारण आत जीव गुदमरतो. झाकण उघडून वारा खेळू द्यायचा आणि मगच माणूस आत जायचा.

यातला पहिला नियम आजच्या बादलीलाही लागू आहे. घट्ट झाकणाची बादली म्हणजे घरातलं छोटं पेवच. तिच्यात बाहेरची ओल आत येत नाही, तशी आतली ओल बाहेरही जात नाही. कणगी थोडा श्वास घ्यायची, बादली घेत नाही. म्हणून बादलीत भरायचं धान्य जास्त कडक वाळलेलं हवं. दाताखाली धरलं की कट्टकन तुटलं पाहिजे, दबता कामा नये.

ओल राहिली तर काय होतं याची एक वाईट आठवण आपल्या शेजारच्या राज्यांत आहे. 1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी खेड्यांत पिकाच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच साठवला गेला, त्यावर बुरशी आली. घरात दुसरं खायला नव्हतं, म्हणून लोकांनी तोच मका खाल्ला. या बुरशीत अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते यकृतावर घाव घालतं. शंभरावर माणसं गेली. हे विष शिजवून नीट जात नाही. बुरशी आलेलं धान्य पाखडून, धुऊन, भाजून खाण्यासारखं होत नाही, ही गोष्ट मनात पक्की ठेवायची.

कल्हई: जुन्या काळची परीक्षा

आता भांड्यांकडे येऊ. कुठल्या भांड्यात काय ठेवायचं, याचं शास्त्र आपल्याकडे 'फूड ग्रेड' हा शब्द येण्याच्या फार आधीपासून होतं. त्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्दच आहे: कळकणं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं, आमटीला चिंच घातली, की ती कळकते. चव बिघडते, पोट बिघडतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला खातो आणि तो धातू जेवणात उतरतो, हे बायकांना कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलं नव्हतं. जिभेनं सांगितलं होतं.

म्हणून कल्हईवाला यायचा. भाता फुंकायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील आतून फिरवायचा. भांडं चांदीसारखं लखलखायचं. ती चमक म्हणजे अन्न आणि तांबं यांच्यामध्ये घातलेला पडदा होता. लोणचं मात्र कल्हईच्या भांड्यातही ठेवत नसत. त्याला चिनी मातीची बरणी.

म्हणजे घरातली बाई भांड्याला दोन प्रश्न विचारायची. तू कशाचं आहेस? आणि तुझ्यात काय ठेवलं तर ते बिघडेल? तिसरा प्रश्न विचारायची वेळ आली ती डब्यांच्या काळात.

रॉकेलचा डबा, डालड्याचा डबा

इंग्रजांच्या काळात रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायला लागलं. डबा मजबूत, हलका, कोपरे नीट. रॉकेल संपलं की डबा टाकायचा कोण? त्यातून पाणी आणलं, त्यात धान्य भरलं, त्याची झाकणं झाली, घरावरचे पत्रे झाले. 1937 साली डालडा बाजारात आला, तेव्हा त्याचे पिवळे डबेही असेच घराघरांत मुक्कामाला राहिले. एकात डाळ, एकात साखर, गंज लागला की अंगणात त्यात तुळस.

भांडं एका कामासाठी आलं आणि दुसऱ्या कामाला लागलं, असं मोठ्या प्रमाणावर इथून सुरू झालं. डालड्याच्या डब्यात खाण्याचीच वस्तू होती, त्यामुळे त्यात भीती नव्हती. रॉकेलच्या डब्याला मात्र वास होता आणि तो वासच सावध करायचा. राखेनं घासा, सोड्याचं पाणी उकळा, उन्हात टाका, वास गेल्याशिवाय धान्य भरू नका. तिसरा प्रश्न हाच: तुझ्यात आधी काय होतं?

मेणासारखा पांढरा पदार्थ

प्लास्टिकची गोष्ट सुरू होते इंग्लंडात. 27 मार्च 1933 रोजी तिथल्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन नावाच्या वायूवर खूप मोठ्या दाबाखाली प्रयोग करत होते. ठरवलेला प्रयोग फसला, पण भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ दिसला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरलं गेलं. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबावर जास्त टणक पॉलिथिन बनवायची रीत शोधली. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. दोघांना 1963 चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या घरातल्या बादल्या, डबे, झाकणं बहुतेक या दोन पदार्थांची असतात.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत अर्ल टपर यांनी पॉलिथिनचे घट्ट झाकणाचे डबे काढले. दुकानात ते फारसे खपेनात, कारण झाकण कसं लावायचं हेच गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. मग ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं दुसरी वाट धरली. एकटीनं मूल वाढवणारी ही बाई. शेजारणींना घरी बोलवायचं, डबा हातात द्यायचा, झाकणाची कड दाबून आतली हवा कशी काढायची ते दाखवायचं. 1951 मध्ये कंपनीनं डबे दुकानांतून काढून घेतले आणि विक्री बायकांच्या अशा बैठकांवर सोपवली. 1958 मध्ये त्याच कंपनीनं तिला काढून टाकलं, तो भाग वेगळा. पण नवी वस्तू घरात आली तेव्हा ती वापरायची कशी, हे बाईनं बाईला समजावून सांगितलं, हे आपल्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे धान्याच्या साठवणीत पॉलिथिन आलं ते आधी कागदासारख्या पातळ रूपात. 1960 च्या दशकात सरकारनं 'धान्य वाचवा' मोहीम सुरू केली. पत्र्याच्या कोठ्या आल्या. दिल्लीच्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेनं 'पुसा कोठी' तयार केली. कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि मध्ये पॉलिथिनचा कागद. ओल अडवायचं काम पॉलिथिनचं, धान्याला लागून मात्र आपली मातीच. मग हळूहळू प्लास्टिकच्या बादल्या, ड्रम, डबे स्वस्त झाले. पत्रा गंजतो, मडकं फुटतं, कणगी दरवर्षी लिंपावी लागते. बादलीला यातलं काही नको. बाईच्या पाठीवरचं काम तिनं खरंच कमी केलं, हे मान्य केलं पाहिजे.

पण एक गोष्ट राहून गेली. रॉकेलच्या डब्याला विचारलेला प्रश्न बादलीला विचारायचा राहिला. ती स्वच्छ दिसते, हलकी असते, धुतली की चकचकते. वाटतं, झाली साफ.

प्लास्टिक विसरत नाही

तुमच्या घरातलाच दाखला घ्या. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा चार वेळा धुतला तरी वास जातो का? हळदीचा पिवळा डाग निघतो का? स्टीलच्या डब्याचा निघतो, काचेच्या बरणीचा निघतो. प्लास्टिकमध्ये तेलकट पदार्थ, रंग, वास थोडे आत मुरतात. हळद मुरते तर कीटकनाशकही मुरतं, आणि ते नंतर हळूहळू बाहेर पडून धान्यात, तेलात येऊ शकतं. साबणानं धुतलं जातं ते वरवरचं. मुरलेलं तिथंच राहतं.

अन्न आणि विष एकमेकांजवळ आलं तर काय होतं, हे देशानं मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. 1958 साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक मिसळलं गेलं. वाहतुकीत अन्न आणि औषध जवळजवळ ठेवलेलं, औषध गळलं. ते पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि 1968 मध्ये कीटकनाशकांचा कायदा आला. त्याखालच्या 1971 च्या नियमांत एक कलम खास रिकाम्या डब्यांविषयी आहे. ते उघड्यावर टाकून ठेवायचे नाहीत, कारण कुणीतरी पुन्हा वापरेल. ते फोडून वस्तीपासून दूर पुरायचे. म्हणजे रिकामा डबा घरात शिरतो, हे सरकारलाही तेव्हाच ठाऊक होतं.

तरी 2013 च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात एका गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं तपास करणाऱ्यांनी सांगितलं. मुलांनी जेवणाची चव वेगळी लागते म्हणून तक्रारही केली होती. त्यांची जीभ बरोबर होती.

म्हणून मैत्रिणींनो, औषधाचा, तणनाशकाचा, खताचा डबा कितीही मजबूत असो, कितीही वेळा धुतलेला असो, तो घरात आणायचा नाही. रॉकेल-डिझेल, ॲसिड, फिनेल यांचे कॅनही तसेच. आणि रंगाची बादली? तीसुद्धा अन्नासाठी नाही. रंगासाठी बादली बनवणाऱ्यानं ती अन्नाचा विचार करून बनवलेली नसते, आणि रंगातली रसायनं तिच्यात मुरलेली असू शकतात. अंगण झाडून कचरा भरा, झाडांना पाणी घाला, सरपण ठेवा. गहू आणि पिण्याचं पाणी नको.

नंबर, खूण आणि नाव

आता 'फूड ग्रेड' म्हणजे काय ते पाहू. बादलीच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. ही पद्धत 1988 मध्ये अमेरिकेत भंगार वेगळं करायला सोपं जावं म्हणून सुरू झाली. 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. धान्यासाठी 2 किंवा 5 चांगलं, हे खरं. पण आकडा फक्त जात सांगतो. दुधाचा कॅन 2 नंबरचा असतो आणि औषधाचा डबाही 2 नंबरचा असू शकतो. नुसता आकडा बघून बादली खाण्याची ठरत नाही.

फूड ग्रेड ठरतं ते तीन गोष्टींवर. प्लास्टिक नवं आहे की भंगारातलं. त्यात घातलेला रंग आणि बाकीची द्रव्यं अन्नासाठी परवानगी असलेली आहेत का. आणि त्यातून अन्नात काय उतरतं. या शेवटच्या गोष्टीची भारतीय मानकांत चाचणी आहे. प्लास्टिकचा तुकडा पाण्यात, आंबट पाण्यात, तेलासारख्या द्रवात ठेवतात आणि किती पदार्थ बाहेर आला ते मोजतात. एक किलो अन्नामागे 60 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे कळकण्याचीच परीक्षा, फक्त जिभेऐवजी काट्यावर केलेली.

1999 मध्ये सरकारनं पुनर्वापराच्या प्लास्टिकविषयी नियम केले. भंगारातून केलेल्या पिशव्या आणि डबे विक्रेत्यांनी खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नयेत, असं त्यात आलं. कारण तेच: भंगारात औषधाचा डबा होता की दुधाची पिशवी, हे वितळल्यावर कुणाला सांगता येत नाही. तिथं 'आधी काय होतं' या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

मग बाजारात बादली घेताना काय बघायचं? तळाशी किंवा झाकणावर 'फूड ग्रेड' लिहिलेलं किंवा पेला आणि काटा-चमच्याची खूण. बनवणाऱ्याचं नाव. पांढरी किंवा दुधी, पलीकडचा उजेड जाणवेल अशी बादली बरी. काळी, गडद, रंगाचे डाग-लकेरी दिसणारी, खरखरीत बादली स्वस्त मिळते, पण ती भंगाराची असण्याचा संभव जास्त. झाकण लावून थोडा वेळ उन्हात ठेवायची आणि उघडून नाक लावायचं. उग्र वास आला तर परत करायची. वास आला नाही म्हणजे शंभर टक्के चांगली असं होत नाही, पण वास आला तर नक्की नको.

नवी घ्यायची ऐपत नसेल तर आणखी एक वाट आहे. तालुक्याच्या गावी बेकरी, मिठाईचं दुकान, हॉटेल, केटरिंगवाले यांच्याकडे वनस्पती तूप, जॅम, लोणचं, दही, क्रीम मोठ्या बादल्यांतून येतं. रिकाम्या बादल्या ते थोड्या पैशात देतात. त्यात आधी खाण्याचीच वस्तू होती. त्यावरचं मूळ लेबल शाबूत असलेलीच घ्यायची. कोमट पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवायची, तारेच्या घासणीनं ओरखडायची नाही, आतून खडखडीत वाळवायची. जिला जुन्या पदार्थाचा वास राहील, तिच्यात मीठ-साखर न ठेवता पाखडायचं धान्य ठेवायचं. वीस लिटरच्या बादलीत साधारण पंधरा किलो गहू बसतो, म्हणजे किती बादल्या लागतील याचा हिशेब घरीच करता येतो.

चांगली बादली मिळाली तरी काही पथ्यं आहेत. गरम पदार्थ तिच्यात ओतायचा नाही. लोणचं, तेल, चिंच, ताक यांना काच, चिनी माती किंवा स्टीलच बरं, कारण आंबट आणि तेलकट पदार्थ भांड्यातून जास्त ओढून घेतो. बादली उन्हात ठेवायची नाही, उन्हानं प्लास्टिक कुरकुरीत होतं. तडा गेलेली, पांढरी भुकटी सुटायला लागलेली बादली धान्यातून काढून दुसऱ्या कामाला लावायची. आणि किडीसाठी विषारी गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीच टाकायच्या नाहीत. त्यांचा वायू माणसालाही मारतो. कडक वाळवण, लिंबाचा पाला आणि घट्ट झाकण एवढं घरच्या धान्याला बरंच पुरतं.

पापड, चटणी, मसाले करून विकणाऱ्या गटांनी तर याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्या बादलीतली मिरची दुसऱ्याच्या लेकरांच्या ताटात जाणार आहे. सगळ्याजणींनी मिळून एकदम बादल्या घेतल्या तर दुकानदार भाव कमी करतो आणि बिलही देतो. बिलावर 'फूड ग्रेड' लिहून मागा.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. घरातली प्रत्येक बादली, कॅन, ड्रम ओट्यावर काढा आणि प्रत्येकात आधी काय होतं ते आठवा. आठवलं नाही तर ती अन्नाची नाही, असं समजा. घरधन्याला आणि मुलांनाही विचारा, कारण रानातले डबे बहुतेक वेळा तेच घरी आणतात. जी बादली खाण्याची ठरेल तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं 'अन्न' असं मोठं लिहा. जी नाही तिच्यावर फुली मारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही फुली कळते. औषधाच्या डब्यांना मात्र फुलीही नको. ते भोकं पाडून घराबाहेरच ठेवा.